साबणाची कढई आणि साबणाचा साचा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, श्रावण महिन्यातील एका रविवारी दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत साहित्य, संगीत, इतिहास अशा थोर विषयांवर विद्वानांची भाषणे झाल्यानंतर साबणासारख्या क्षुल्लक वस्तूवर बोलण्यासाठी एका सरकारी अधिकाऱ्याने उभे राहावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. त्यातून मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. झालो आणि केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात निरीक्षक म्हणून रुजू झालो. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, खात्याचे नाव व काम दोन्ही बदलले. परंतु त्यापूर्वीच्या वीस-बावीस वर्षांत अनेक लहानमोठे साबणाचे कारखाने मला आतून पाहावयास मिळाले, आणि कागदपत्रे तपासता तपासता कढईजवळ उभे राहण्याची सवय लागली. त्या सवयीतून जे पदरात पडले, तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रसंगही तसाच आहे. आपल्या महिला विभागाने यंदा असा संकल्प केला आहे की, दिवाळीच्या पहिल्या अभ्यंगस्नानासाठी मंडळाच्या प्रत्येक कुटुंबाला घरी केलेला एकेक साबण द्यावा. दिवाळीची पहाट, उटणे, सुगंधी तेल आणि मोती साबण हे समीकरण आपल्या मनात घट्ट बसलेले आहे. मुळात टाटा ऑइल मिल्सचा असलेला तो गोल, जाड साबण पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांच्या पेटीतून मागवून घेणारी कुटुंबे याच सभागृहात बसली आहेत. त्या आठवणीच्या जोडीला आपल्या हातचे काही असावे, ही कल्पना मला फार आवडली. मात्र साबण कोणत्या पद्धतीने करावा, यावर महिला विभागात दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष न शिजवता करावयाच्या शीत पद्धतीचा, दुसरा शिजवून करावयाच्या उष्ण पद्धतीचा. माझा निवाडा मागण्यात आला आहे. निवाडा देण्यापूर्वी दोन्ही पक्षांची बाजू मांडतो, आणि शेवटी माझ्या स्वतःच्या घरात घडलेली एक चूक सांगतो. कारण या विषयात मी जे काही शिकलो, ते त्या चुकीतून शिकलो.

साबण म्हणजे काय? तेल अथवा चरबी आणि दाहक सोडा, म्हणजे ज्याला बाजारात कॉस्टिक सोडा म्हणतात तो, पाण्याच्या साहाय्याने एकत्र आले की तेलाचे विघटन होऊन दोन पदार्थ तयार होतात : एक साबण आणि दुसरे ग्लिसरीन. या क्रियेला साबणीकरण म्हणतात. तेलांची रचना नेमकी कशी असते, याचा उलगडा फ्रान्सच्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने केला. त्याचा यासंबंधीचा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. परंतु साबण त्याच्या कित्येक शतके आधीपासून होत होता. सीरियातील अलेप्पो आणि पॅलेस्टाइनमधील नाब्लुस येथे ऑलिव्हच्या तेलाचा साबण पिढ्यान् पिढ्या मोठ्या कढयांत शिजविला जात आला आहे. २०२४ साली या दोन्ही परंपरांची नोंद युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली.

आपल्या देशात कारखानी साबणाचा इतिहास फार जुना नाही. मीरत येथे एकोणिसाव्या शतकात साबणाचा कारखाना निघाला. १८८८ साली विलायतेहून सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. पुढे १९१६ साली म्हैसूर संस्थानात चंदनाच्या तेलाला मागणी मिळावी म्हणून म्हैसूर सँडल साबणाचा उद्योग उभा राहिला. १९१७ साली टाटा ऑइल मिल्सची स्थापना झाली, आणि त्याच सुमारास अर्देशीर गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी केवळ वनस्पती तेलांपासून साबण करून दाखविला. त्यापूर्वी आपल्या घरांत रिठे, शिकेकाई, डाळीचे पीठ आणि भांड्यांना राख यांवरच काम भागत असे.

आता मुख्य विषयाकडे येतो. शीत पद्धतीत तेल कोमट करतात, सुमारे ४० ते ४५ अंश सेल्सिअस. सोडा पाण्यात विरघळविला की ते पाणी आपोआप कढत होते. तेही तितकेच निवू देतात. मग सोड्याचे पाणी तेलात ओतून रवीने अथवा विजेच्या घुसळणीने घुसळतात. मिश्रण दाट होत जाते, आणि रवी उचलली असता ओघळणाऱ्या धारेची रेघ पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहू लागली की ते साच्यात ओतण्याजोगे झाले असे समजावे. बाहेरून उष्णता द्यावी लागत नाही. साबणीकरण स्वतःच उष्णता निर्माण करते. साच्यावर कांबळे टाकून ठेवले तर आतला भाग चांगलाच तापतो. एक-दोन दिवसांत वडी कापता येते. परंतु ती त्या दिवशी वापरावयाची नसते. हवेशीर जागी चार ते सहा आठवडे मांडून ठेवावी लागते. लोणचे जसे मुरते तसा हा साबण मुरतो : पाणी उडते, वडी कठीण होते, फेस सौम्य येतो.

उष्ण पद्धतीचा आरंभ तसाच. फरक एवढाच की दाट झालेले मिश्रण साच्यात न ओतता उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात मंद आंचेवर एक ते तीन तास शिजवितात. प्रथम ते फुटलेल्या दुधासारखे दिसते, मग उतू जाऊ पाहते. म्हणून भांडे मिश्रणाच्या दुप्पट मोठे घ्यावे. पुढे ते घोटलेल्या बटाट्यासारखे होते आणि शेवटी व्हॅसलीनसारखे तकतकीत, अर्धपारदर्शक दिसू लागते. तेव्हा सोडा आणि तेल यांचा संबंध पुरा झालेला असतो. ते साच्यात चेपून भरले की दुसऱ्या दिवशी वडी निघते आणि तत्त्वतः लगेच वापरता येते. तथापि तिच्यातही पाणी असतेच. एक-दोन आठवडे ठेवल्यास ती अधिक टिकते. अलेप्पोचा साबण दिवसेंदिवस शिजविल्यानंतरही महिनोगणती वाळवीत ठेवतात, हे या ठिकाणी लक्षात घेण्याजोगे आहे.

मोठ्या कारखान्यांतील रीत यांहून निराळी. तेथे साबण उकळून त्यात मिठाचे पाणी घालतात. साबण वर तरंगतो आणि ग्लिसरीन खालच्या पाण्यातून वेगळे काढून स्वतंत्र विकले जाते. घरगुती साबणात, मग तो शीत असो वा उष्ण, ते ग्लिसरीन वडीतच राहते. म्हणून ‘आमच्याच पद्धतीत ग्लिसरीन टिकते’ हा दोन्ही पक्षांचा दावा एकदमच खरा आहे आणि वादाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे.

दोहोंचे गुणदोष थोडक्यात असे. शीत साबण दिसावयास गुळगुळीत आणि देखणा असतो. साच्यावरील नक्षी त्यावर स्वच्छ उमटते. इंधन फारसे लागत नाही. परंतु वेळ लागतो, आणि घातलेले प्रत्येक तेल व सुगंध कच्च्या सोड्याच्या तावडीत सापडतो. काही सुगंधी द्रव्यांनी तर मिश्रण पाहता पाहता भांड्यातच आळून बसते. उष्ण साबण खडबडीत दिसतो, त्यात हवेची छिद्रे राहतात. मात्र सोड्याचे काम संपल्यानंतर, मिश्रण थोडे निवल्यावर वाळा, चंदन किंवा उटण्याची पूड घालता येते आणि तिचा वास बराचसा टिकतो. हळद घालणार असाल तर एक सूचना. आपल्याकडे हळदीपासूनच कुंकू करतात, हे आपण जाणताच. क्षाराने हळद लाल होते, तशी ती साबणातही होते. त्यावरून साबण बिघडला असे समजू नये, कारण चांगला साबणही क्षारधर्मीच असतो.

आता माझ्या घरची गोष्ट. १९९८ साली माझी नेमणूक कानपूरला होती. दिवाळीच्या आधी आमच्या सौभाग्यवतींनी साबण करावयाचे ठरविले. कृती त्यांच्या रत्नागिरीच्या माहेराहून, एका काकूंकडून पत्राने आलेली. शुद्ध खोबरेल तेल, एक किलो तेलाला १७५ ग्रॅम सोडा, शीत पद्धत. खोबरेल तेल तिकडे महाग; सरसोंचे, म्हणजे मोहरीचे तेल स्वस्त आणि मुबलक. तेव्हा मीच सुचविले की, अर्धे खोबरेल घेऊ, अर्धे मोहरीचे घेऊ. सोडा मात्र काकूंनी लिहिला तेवढाच घेतला. अनंत चतुर्दशीला गणपती पोहोचवून आलो आणि दुसऱ्या दिवशी साबण ओतला. सहा आठवडे नीट मुरू दिला. उतावीळपणा बिलकुल केला नाही, याचा मला अभिमानही होता. धनत्रयोदशीला शेजारीपाजारी वड्या वाटल्या.

आमच्या शेजारी एक वृद्धा राहत. सारी वसाहत त्यांना माताजी म्हणे. दिवाळीच्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या, फराळ घेतला, साबणाचे कौतुक केले. दोन दिवसांनी त्यांच्या सुनेने आमच्या घरात संकोचत संकोचत सांगितले की, माताजींच्या हातांची आणि मानेची आग होते आहे, कातडी लाल झाली आहे, दवाखान्यातून मलम आणले आहे. सणाची भेट, तीही परक्या मुलखातून आलेल्या मुलांनी दिलेली. तिला नावे ठेवू नयेत म्हणून माताजींनी आम्हांला काही सांगू नये असे बजावले होते. बंधुभगिनींनो, त्या दिवशी मला जी शरम वाटली, ती नोकरीतील कोणत्याही ठपक्याने वाटली नाही.

आम्ही घरोघर जाऊन वड्या परत आणल्या. मी त्यांतील एक घेऊन माझ्या हद्दीतील एका लहान कारखान्यात गेलो. तेथे कढईवर चाळीस वर्षे काम केलेले एक वृद्ध कारागीर होते. त्यांनी वडीचा कोपरा मोडून जिभेच्या टोकाला लावला आणि लगेच थुंकला. मग मला हिंदीत विचारले, त्याचा अर्थ असा : “साहेब, तेल बदललेत, सोडा बदललात का?”

त्या एका प्रश्नात साबणाचे सारे शास्त्र आहे. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा निराळा असतो. एक किलो खोबरेल तेल पुरे साबणात रूपांतरित होण्यास सुमारे १८३ ग्रॅम सोडा लागतो. तीळ किंवा शेंगदाण्याच्या तेलाला सुमारे १३५, एरंडेलाला सुमारे १२८, आणि मोहरीच्या तेलाला १२० ते १२५. म्हणजे अर्धे खोबरेल आणि अर्धे मोहरी यांना मिळून १५३ ग्रॅमच्या आसपास सोडा पुरला असता. आम्ही १७५ ग्रॅम घातला. किलोमागे वीस-बावीस ग्रॅम दाहक सोडा मोकळा राहिला, आणि सहा आठवड्यांच्या मुरण्याने तो नाहीसा झाला नाही. काळ पाणी उडवितो. चुकलेले वजन दुरुस्त करीत नाही. आणि उष्णताही ते करीत नाही. तोच साबण आम्ही तासन् तास शिजविला असता तरी जादा सोडा जादाच राहिला असता.

मग दोन पद्धतींत भेद कोणता? माझ्या मते हाच खरा भेद आहे : शिजविताना चूक कढईत कळते, आणि कळली की तेथेच सुधारता येते. शीत पद्धतीत ती साच्यात जाऊन बसते, आणि वडी सुंदर दिसते म्हणून शंकाही येत नाही. त्या कारागिरांनी आमच्या साऱ्या वड्या किसावयास लावल्या, थोडे पाणी घालून मंद आंचेवर वितळविल्या आणि मूळच्या प्रत्येक किलो तेलामागे सुमारे दोनशे ग्रॅम मोहरीचे तेल आणखी घालून पुन्हा शिजविल्या. मोकळ्या सोड्याला त्याचे तेल मिळाले. दुसऱ्या दिवशी निघालेला साबण ओबडधोबड होता, पण त्यांनी तो स्वतःच्या हाताला चोळून दाखविला.

आता महिला विभागासाठी काही व्यावहारिक सूचना. पहिली, सारे काही वजनाने घ्यावे, वाटीने किंवा पेल्याने नव्हे. ग्रॅम दाखविणारा काटा असल्याखेरीज हे काम आरंभू नये. दुसरी, हिशेबाने येणाऱ्या सोड्यापेक्षा पाच टक्के कमी सोडा घालावा, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते आणि कातडीला मऊपणा देते. उदाहरणार्थ, खोबरेल ३०० ग्रॅम, तिळाचे ६०० ग्रॅम आणि एरंडेल १०० ग्रॅम घेतल्यास सोडा सुमारे १४९ ग्रॅम येतो. पाच टक्के वजा जाता १४१ ग्रॅम. पाणी शीत पद्धतीसाठी याच्या दुप्पट. शिजवावयाचे असल्यास वाफ जाते म्हणून अडीच-तीन पट. तिसरी, आपण प्रांतोप्रांती राहणारी माणसे. कोकणातील कृती येथे आणताना, किंवा येथील कृती केरळातील बहिणीला कळविताना, तेल बदलले की सोड्याचा हिशेब नव्याने मांडावा.

चौथी सूचना सुरक्षिततेची, आणि ती मी हात जोडून करीत आहे. सोडा नेहमी पाण्यात घालावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. ॲल्युमिनियमचे पातेले सोड्याने खाल्ले जाते आणि पेट घेणारा वायू निघतो. डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे, खिडक्या उघड्या आणि मुले घराबाहेर असावीत. सोडा कातडीवर उडाल्यास लिंबू वा व्हिनेगर लावीत न बसता वाहत्या पाण्याखाली धुवावे. डोळ्यांत गेल्यास किमान पंधरा-वीस मिनिटे पाण्याने धुऊन तत्काळ डॉक्टर गाठावा. उरलेला सोडा खाण्याच्या डब्यात कधीही ठेवू नये. पाचवी सूचना परीक्षेची. जीभ लावण्याची कारागिरांची रीत आपण अनुसरू नये. फिनॉल्फ्थलीनचे दोन थेंब ताज्या कापलेल्या वडीवर टाकावे. गडद गुलाबी रंग आला तर ती वडी वाटू नये. आणि शेवटची सूचना माझ्या खात्याच्या सवयीची : आपण भेट देत आहोत तोवर ठीक, पुढे विक्रीचा विचार झाल्यास अंघोळीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतो आणि त्यासाठी परवाना घ्यावा लागतो, हे विसरू नये.

आता निवाडा. सुदैवाने आपले पंचांगच तो देते. अनंत चतुर्दशीपासून नरकचतुर्दशीपर्यंत सहा आठवड्यांहून थोडे अधिक दिवस असतात. घटस्थापनेपासून चार आठवडे. दसऱ्यापासून तीन आठवडेही नाहीत. तेव्हा गणपती पोहोचवून आल्यावर शीत साबण ओतावा, तो दिवाळीला पुरता मुरलेला असेल. घटस्थापना ही शीत साबणाची शेवटची तारीख समजावी. दसऱ्यानंतर ज्यांना आठवण होईल त्यांनी कढईच चढवावी. २०२० सालाप्रमाणे अधिक आश्विन आला तर एक महिना बोनस मिळेल, पण तो दरवर्षी मिळत नाही.

परंतु यंदाचे वर्ष पहिले आहे आणि हात नवे आहेत. म्हणून माझी विनंती अशी की, याच श्रावणात प्रथम एक किलो तेलाचा साबण शिजवून करावा. चूक असेल तर ती समोर कळेल आणि सुधारता येईल. तोच हिशेब बरोबर ठरला की मग अनंत चतुर्दशीनंतर मोठा घाणा शीत पद्धतीने ओतावा. अशा रीतीने दोन्ही पक्षांचा मान राहील, आणि आपल्या माणसांच्या कातडीचीही काळजी घेतली जाईल. कारण साबण ही भेट म्हणून देताना आपण दुसऱ्याच्या घरातल्या तान्ह्या मुलापासून आजोबांपर्यंत सर्वांच्या अंगाला हात लावीत असतो. ती जबाबदारी सणाच्या आनंदापेक्षा लहान नाही.

माताजींची गोष्ट अपुरी राहिली. नवा साबण घेऊन आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो, झाला प्रकार सांगितला आणि क्षमा मागितली. त्यांचे हात तोवर बरे झाले होते. त्यांनी वडी घेतली, वास घेतला आणि सर्वांच्या देखत अंगणातल्या नळावर त्याच साबणाने हात धुतले. आम्हांला काही बोलण्याची संधीच त्यांनी दिली नाही. पुढे आमची बदली झाली. परंतु त्यानंतर आमच्या घरात जेव्हा जेव्हा साबण झाला, तेव्हा काट्यावर सोडा ठेवताना सौभाग्यवती आणि मी दोघेही वजन वाचतो, आणि दोघांचे आकडे जुळल्याखेरीज तो पाण्यात पडत नाही.

महिला विभागाच्या संकल्पाला मनःपूर्वक शुभेच्छा देतो.  मंडळाचा हीरकमहोत्सवही अशाच थाटाने साजरा होवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!